शेवटचा हात

२६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं बोइंग ७३७, आत ११८ माणसं. विमान धावलं, त्याचं नाक उचललं गेलं, पण उशिरा. धावपट्टी संपते तिथून बीडचा रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावर नेमका त्याच क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक होता. जमिनीपासून साधारण सात फुटांवर विमानाची डावीकडची चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. विमान तसंच पुढे गेलं, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

ही गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. पायलटनं उशीर केला, किंवा ट्रक आडवा आला. चौकशीचा निष्कर्ष मात्र एका वाक्यात दोन गोष्टी सांगतो. पायलटांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धत चुकली, ही पहिली. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणानं पाळली नाही, ही दुसरी. दोन्ही गोष्टींमध्ये 'आणि' आहे. आपण बातमी सांगताना तो 'आणि' गाळतो. उरतं ते 'पायलटची चूक'.

मला या दोन शब्दांबद्दल लिहायचं आहे, आणि तेही मोठ्या विमानांपेक्षा छोट्या, खासगी विमानांच्या संदर्भात. कारण मोठ्या विमानाच्या पायलटमागे कंपनी असते, नियमांची जाड पुस्तकं असतात, वेळापत्रक बघणारी माणसं असतात. सहा-आठ जणांच्या विमानात हे सगळं पातळ होत जातं. तिथे पायलट बऱ्याचदा अशा माणसाच्या नोकरीत असतो, जो त्या क्षणी मागच्या सीटवर बसलेला असतो.

आधी थोडं उतरण्याबद्दल. उडणं अवघड आणि उतरणं सोपं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात उतरणं म्हणजे वेग आणि उंची या दोन शिल्लक रकमा अशा हिशेबानं संपवायच्या की दोन्ही एकाच ठिकाणी संपाव्यात, आणि ते ठिकाण धावपट्टीचा सुरुवातीचा भाग असावा. वेग उरला तर विमान जमिनीला लागायलाच तयार होत नाही, तरंगत पुढे जातं. वेग आधीच संपला तर पंख हवा धरणं सोडतात. छोट्या विमानाचा सगळ्यात जुना सापळा शेवटच्या वळणावर असतो. वळण थोडं लांबलं, धावपट्टीची रेघ मागे पडली, म्हणून पायलट विमान आणखी आवळून वळवतो. वेग कमी, तिरपेपणा जास्त, आणि आतल्या बाजूचा पंख अचानक खाली बसतो. दोन-चारशे फुटांवर सावरायला जागा नसते.

आता यात मराठवाड्याचा उन्हाळा मिळवा. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. हवा तापली की विरळ होते. पारा ४० अंशांवर गेला की इथली हवा एवढी विरळ होते, जेवढी पाठ्यपुस्तकातल्या 'प्रमाण' हवामानात सुमारे १६०० मीटरवर असते. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर! विमान उभं असतं जालना रोडच्या कडेला, पण पंखांच्या दृष्टीनं ते राज्यातल्या सगळ्यात उंच टोकाला असतं. समोरच्या काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो. खरा वेग मात्र सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो, आणि ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती सतरा टक्क्यांच्या आसपास वाढलेली असते. हे पायलटला शिकवलेलं असतं. त्याचा हिशेब करून विमान उतरवणं हेच त्याचं काम. चुकला, तर चूक त्याची. इथवर वाद नाही.

वाद यापुढे सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांबाबत एक विचित्र प्रकार वारंवार घडत होता. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर पळत असायचं, आणि पायलट मध्येच चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. शत्रूच्या गोळ्यांतून वाचून आलेला माणूस घरच्या धावपट्टीवर हे का करेल? नोंद व्हायची: पायलटची चूक. १९४३ मध्ये अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं पाहिलं की असं काही ठरावीक विमानांतच होतं. सी-४७ या मालवाहू विमानात होत नाही. पायलट तर सारखेच. मग तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला. बी-१७ मध्ये चाकांची आणि फ्लॅपची खिटी शेजारी शेजारी होती आणि हाताला सारखीच लागत होती. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात. थकलेला हात एक इंच सरकला की फ्लॅपऐवजी चाकं आत. चॅपॅनिसनं चाकांच्या खिटीला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खिटीला पाचरीसारखा तुकडा. प्रकार थांबला. आजही चाकं आत घेणाऱ्या विमानात तुम्ही डोकावलात तर चाकाच्या आकाराचा तो गोल बोंडा दिसेल.

ही गोष्ट मला आवडते, पण ती जेवढी सांगितली जाते तेवढी सरळ नाही. तिच्यातून काही जण असा अर्थ काढतात की माणसाची चूक असं काही नसतंच, असते ती फक्त वाईट रचना. तसं असतं तर किती बरं झालं असतं. सगळं रबराच्या चाकानं सुटलं असतं.

एक कृती घडायला किती कारणं लागतात, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि दैव. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी त्यावर सविस्तर ओव्या रचल्या आहेत. जो फक्त कर्त्याकडे बोट दाखवतो त्याला नीट दिसत नाही, असं गीता पुढे म्हणते. तिचा रोख आत्म्याकडे आहे, अपघातांच्या चौकशीकडे नाही, हे मला मान्य आहे. तरी ती पाच नावं चिकलठाण्याच्या धावपट्टीवर ठेवून बघा. धावपट्टी आणि तिच्या टोकाचा रस्ता, पायलट, यंत्र, रस्ता मोकळा ठेवणारे किंवा न ठेवणारे लोक, आणि त्या सेकंदाला तिथे असलेला ट्रक. पाचातलं एकही काढता येत नाही.

पण यात एक पळवाट आहे. कारणं पाच झाली की जबाबदारी पाचांत वाटली जाते, आणि पाचांत वाटलेली जबाबदारी कुणाच्याच वाट्याला दिसत नाही. पूल पडतो, दवाखान्याला आग लागते, बस दरीत जाते, आणि 'यंत्रणेतील त्रुटी' नावाचा एक सभ्य शब्द येतो. यंत्रणेला घर नसतं, तिला झोप न लागण्याची भीती नसते. म्हणून 'सगळी व्यवस्थाच जबाबदार' हे वाक्य मला 'पायलटची चूक' या वाक्याइतकंच आळशी वाटतं.

मग करायचं काय? एका माणसाकडे बघू.

कॅप्टन दीपक साठे. नागपूरच्या मराठी घरातले, हवाई दलातून आलेले, हजारो तासांचा अनुभव असलेले. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ते दुबईहून १८४ प्रवासी घेऊन कोळिकोडला येत होते. कोविडचे दिवस होते, परदेशी अडकलेल्यांना परत आणणारं विमान. धो धो पाऊस, आणि टेकडीवर बांधलेली, दोन्ही टोकांना दरी असलेली धावपट्टी. विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, तुटलं. २१ जण गेले. त्यात साठे होते आणि त्यांचे सहवैमानिक होते. पुढचे काही दिवस आपल्या फोनवर काय आलं ते आठवत असेल. त्यांनी स्वतःचा जीव देऊन प्रवाशांना वाचवलं, असे संदेश, फोटो, फुलं.

वर्षभरानं अहवाल आला. पाठीमागून वारा होता, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकलं, म्हणजे निम्मी धावपट्टी हवेतच संपली होती. सहवैमानिकानं 'गो-अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरणं सोडा, पुन्हा वर चला. ते झालं नाही. संभाव्य कारण म्हणून नियम न पाळल्याचं नाव घेतलं गेलं. वर्षभरापूर्वी ज्यांनी फुलं पाठवली होती ते गप्प झाले. नायक की गुन्हेगार, यांपलीकडे आपल्याकडे तिसरा खण नव्हता.

अहवालात मात्र तिसरा खण आहे. त्यात लिहिलं आहे की कॅप्टनला त्या रात्री कोळिकोडलाच उतरायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर होतं. आणि ते का? तर त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कॅप्टन नेमलेला होता. साठे दुसरीकडे उतरले असते तर सकाळचं विमान अडकलं असतं. हे कुणी त्यांना बजावलं नव्हतं. तशी गरजच नव्हती, वेळापत्रकच ते बोलत होतं.

इथे मला उत्तर सापडायला लागतं. साठे यांचा निर्णय चुकला, आणि तो त्यांचाच होता. त्याच वेळी त्या निर्णयाची एक बाजू मुद्दाम जड करून ठेवली होती आणि ते काम कार्यालयात, दिवसाउजेडी, कुणाचीही घाई नसताना झालं होतं. पायलटकडे काही सेकंद होते. तळावर किती कॅप्टन ठेवायचे हे ठरवणाऱ्यांकडे महिने होते. ज्याच्याकडे विचार करायला जास्त वेळ होता त्याची जबाबदारी जास्त, असं मी मानतो. आपण नेमकं उलटं करतो. ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ होता त्याचं नाव मथळ्यात येतं, कारण शेवटचा हात त्याचा होता.

म्हणून मला 'गो-अराउंड' ही उड्डाणातली सगळ्यात नैतिक कृती वाटते. उतरता उतरता विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या रेघेत, ठरलेल्या उतारावर नसेल, तर जोर लावायचा, वर जायचं आणि पुन्हा यायचं, किंवा दुसरीकडे जायचं. कंपन्यांच्या नियमांत साधारणपणे हजार किंवा पाचशे फुटांवर हा निर्णय करायचा असतो. कौशल्य म्हणून ती फार मोठी गोष्ट नाही, शिकाऊ पायलटलाही येते. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेनं वारंवार दाखवलं आहे की घडी बिघडलेल्या शंभर उतरणींपैकी सुमारे सत्त्याण्णव वेळा पायलट तशाच पुढे नेतात. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि तिथेच अडचण आहे. दर वेळी सुखरूप उतरलेलं विमान पायलटला सांगतं की तुझं बरोबर होतं. मे २०१० मध्ये मंगळूरुला सहवैमानिकानं 'गो-अराउंड' म्हटलं, कॅप्टननं पुढेच नेलं, १५८ माणसं गेली. त्या कॅप्टनलाही त्याआधीच्या अनेक उतरणींनी असंच काहीतरी शिकवलं असणार.

आता छोट्या विमानात या. इथे घाई कार्यालयातून येत नाही, ती तीन फुटांवर बसलेली असते. सभा साडेदहाला आहे. कारखान्याचं उद्घाटन आहे, मुहूर्त आहे, लग्न आहे. जिथे उतरायचं ती धावपट्टी एखाद्या जिल्ह्याची, जिथे ढगातून वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा नसते आणि डोळ्यांना दिसलं तरच उतरायचं असतं. मागून कुणी हुकूम देत नाही. फक्त विचारतं, "कॅप्टन, बघा ना जरा, जमतंय का?" हे 'जरा' फार जड असतं. नोकरी देणाऱ्याच्या तोंडचं 'जरा' म्हणजे काय, हे सांगायला विमान लागत नाही. पहिली नोकरी धरलेल्या कुणालाही ते कळतं.

१४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं आठ जणांचं लिअरजेट ४५ मुंबईच्या धावपट्टीवरून मुसळधार पावसात घसरून बाजूला गेलं आणि त्याचे तुकडे झाले. दृश्यमानता ७०० मीटर होती. आठही जण वाचले. त्याची चित्रफीत आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली आणि विसरलो. सगळे वाचले की चौकशी कुणी वाचत नाही. खरं तर असे अहवालच वाचायला हवेत, कारण त्यांत रडणं नसतं, फक्त कारणं असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत, शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात, स्पष्ट म्हटलं आहे की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं एवढाच. दोष किंवा देणं कुणाच्या माथी मारणं हा नाही. आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघात तपास ब्यूरो त्याच तत्त्वावर काम करतो. कोर्ट वेगळं, तपास वेगळा. ज्या दिवशी पायलटला वाटेल की खरं सांगितलं तर तुरुंग आहे, त्या दिवसापासून तो खरं सांगणार नाही आणि पुढच्या विमानाला ते कळणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ज्यांची माणसं गेली त्यांनी काय करायचं? त्यांना पुढच्या विमानाचं काय? त्यांना कुणीतरी समोर उभा राहून 'माझ्यामुळे' म्हणणारा हवा असतो. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही, पण बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाकडे त्याचा एक तुकडा आहे. १९७६ मध्ये त्यानं एका ट्रक ड्रायव्हरचं उदाहरण घेतलं. ड्रायव्हरची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येतं. बघणाऱ्यांनाही वाईट वाटतं, पण ड्रायव्हरला वाटतं ते निराळं असतं. आपण त्याला समजावतो, "बाबा, तुझा दोष नव्हता." आणि तरी तो लगेच "हो, नव्हताच" म्हणून चहा प्यायला निघून गेला, तर आपल्याला तो माणूस खटकेल. दोष नसतानाही आपल्या हातून घडलेल्याचं ओझं असतं, आणि ते वाहणं हे माणूस असण्याचा भाग आहे.

विल्यम्सला बीड रस्ता माहीत नव्हता. पण कापसाच्या गाठी घेऊन निघालेला तो ट्रक मी वाचतो तेव्हा मला हेच आठवतं. रस्ता उघडा होता, म्हणून ट्रक त्यावरून जात होता. ज्यांनी रस्ता बंद करायचा होता त्यांच्या वाट्याला अहवालातला अर्धा निष्कर्ष आला. तसं ओझं त्यांच्या मनावर आलं का? हाताचं ओझं हाताला जाणवतं, पण न केलेल्या कामाचं ओझं बहुतेक वेळा फाइलमध्येच राहतं. आपल्याला दोषी शोधायचाच असेल तर माझी मागणी एवढीच आहे की ही फाइलमधली माणसंही तेवढ्याच त्वेषानं शोधावीत. आणि छोट्या विमानांच्या बाबतीत मागच्या सीटवरचं माणूसही. ते कितीही मोठं असलं तरी, आणि मोठं असलं तर जास्तच.

कारण तिथे रबराचं चाक लावणं अगदी सोपं आहे. कोळिकोडला त्यासाठी कॅप्टन नेमावे लागले असते. खासगी विमानात मालकानं निघण्याआधी पायलटला एक वाक्य म्हणायचं असतं, की तुम्हाला योग्य वाटलं नाही तर परत फिरा, मी विचारणार नाही. आणि मग खरंच विचारायचं नसतं, चेहऱ्यानंसुद्धा.

समजा शिर्डीला निघालेलं असं एखादं छोटं विमान आहे. खाली धुकं आहे. पायलट एकदा खाली येतो, धावपट्टी दिसत नाही, वर जातो. दुसऱ्यांदा प्रयत्न न करता तो विमान चिकलठाण्याला वळवतो आणि मोकळ्या हवेत, लांबलचक धावपट्टीवर उतरवतो. इंधन जास्त जळतं. पाहुण्यांसाठी गाडी मागवावी लागते, आणि वैजापूरमार्गे शिर्डीला पोचायला अडीच तास लागतात. तिथे हार घेऊन उभे असलेले लोक एव्हाना सावलीला बसलेले असतात, आणि त्यांच्यातला एक जण फोनवर कुणाला तरी सांगत असतो की साहेबांना उशीर झाला, कारण काही कळलं नाही.